बैलाचे दात आणि संगणकाची चिप

आमचे वडील बेळगावच्या गुरांच्या बाजारात बैल घ्यावयास जात, तेव्हा लहानपणी आम्हांसही बरोबर नेत. बैल कितीही देखणा असो, त्याची शिंगे रंगवलेली असोत की गळ्यात घुंगुरमाळ असो, वडिलांचे लक्ष तिकडे नसे. ते प्रथम तोंड उघडून दात पाहत. मग बैलास दहा पावले चालवून मागून खूर पाहत आणि शेवटी विकणाऱ्यास म्हणत, "जरा जुवाला लावून दाव." एवढे सगळे झाल्यावरच रुमालाखाली बोटांनी किंमत ठरे.

अशा चोखंदळ शेतकऱ्याचे आम्ही चिरंजीव! शिवाय मराठीचे एम. ए. आणि एका सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक. तरीही जून २०२४ मध्ये शाळेसाठी प्रिंटर घेतला, तो खोक्यावरचे चित्र पाहून. चित्र सुरेख होते. प्रिंटर शाळेत आला, पेढे वाटले गेले आणि त्याने कागदावर एकही अक्षर उमटवले नाही. पुढे दीड वर्ष तो कपाटात, आमच्या घरून आणलेल्या जुन्या लुगड्याच्या खोळीत विसावला होता.

ही हकीगत विनोदी वाटेल. पण आम्हांस तीत हसू येत नाही, कारण पैसा आमचा नव्हता. आमचे घर बेळगुंदीस आणि शाळा जवळच्याच एका खेड्यात. भात, रताळी, बटाटे आणि थोडे काजू यांवर चालणारी ही गावे. पंचवीस वर्षांपूर्वी सातवी झालेल्या एका तुकडीने शाळेतील संगणक-खोलीसाठी वर्गणी काढली होती. त्यात कोणी शिक्षक होते, कोणी गोव्यात नोकरीस होते, कोणी गवंडीकाम करीत होते. त्यांच्यापैकी एक गवंडी आम्हांस बेळगुंदीच्या बसथांब्यावर भेटला आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "गुरुजी, ते मशीन चालतंय न्हवं?" त्याने पाचशे रुपये दिले होते. आम्ही म्हणालो, "चालतंय."

आयुष्यभर मुलांना खरे बोलावयास सांगणाऱ्या माणसाने भर थांब्यावर ते खोटे सांगितले. हा लेख त्या एका शब्दाचे प्रायश्चित्त आहे असे वाचकांनी समजावे.

प्रिंटर का रुसला?

प्रिंटरात बिघाड नव्हता. गावातल्या दुसऱ्या संगणकास जोडताच तो मुकाट्याने छापू लागला. शाळेच्या संगणकावर मात्र आमच्या एका माजी विद्यार्थ्याने लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालून दिली होती, आणि तिची व त्या प्रिंटरची ओळखच नव्हती.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. बहुतेकांच्या घरी ती विकतची विंडोज असते. लिनक्स विकत घ्यावी लागत नाही. तिची घडण उघडी आहे; ती कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी, अशी तिची अटच आहे. गमतीचा भाग असा की या साऱ्या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेच्या एका प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे आणि यंत्र दुसऱ्या मजल्यावर असल्याने ते कोणास कळत नसे. रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत अशी सोय केली होती की, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यावा. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यास मिळेना. ज्याच्यापाशी ती होती, त्याने कोणास न देण्याचे वचन लिहून दिले होते. हा नकार स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागला. १९८३ साली त्यांनी सर्वांसाठी मुक्त अशी प्रणाली घडवण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा तयार केला. त्या गाभ्याचे नाव लिनक्स. आज उबुंटू, डेबियन, मिंट अशा नावांनी ज्या प्रणाली मिळतात, त्या या एकाच खोडाच्या फांद्या होत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही त्यांतलीच.

आता अडचण कोठे येते ते पाहा. प्रिंटर, वायफाय, कॅमेरा या प्रत्येक वस्तूशी बोलण्यासाठी कार्यप्रणालीस एक दुभाषा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. यंत्र करणारा कारखानदार विंडोजसाठी दुभाषा हटकून देतो, कारण गिऱ्हाईक तेथे जास्त. लिनक्ससाठी तो काही जण देतात, काही देत नाहीत. जेथे कारखानदार देत नाही, तेथे जगभरचे स्वयंसेवक तो स्वतः लिहितात. परंतु त्यासाठी आतल्या चिपची माहिती लागते. ती मिळाली तर काम चोख होते. दडवली गेली तर अंधारात चाचपडावे लागते. २०१२ साली फिनलंडमधल्याच एका विद्यापीठातील जाहीर कार्यक्रमात टॉरव्हाल्ड्स यांनी एनव्हिडिया या चित्रचिप करणाऱ्या कंपनीस जे शब्द वापरले, ते कौटुंबिक मासिकात छापण्याजोगे नाहीत. पण त्यांच्या रागाचे कारण हेच होते. त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा एक भाग खुला केला तो २०२२ मध्ये. उलट एएमडी या कंपनीने २००७ पासूनच आपल्या चित्रचिपांची माहिती खुली करण्यास आरंभ केला होता.

थोडक्यात, विकतच्या प्रणालीत पैसे मोजले की पुष्कळशी पारख दुसरा कोणीतरी करून ठेवतो. मुक्त प्रणालीत पैसे वाचतात. पण पारख आपली आपण आणि तीही खरेदीच्या आधी करावी लागते. आम्ही पैसे वाचवले आणि पारखही वाचवली. तेथेच फसलो.

जुनी यंत्रे टाकावीत काय?

२०२५ सालच्या ऑक्टोबरात प्रश्न आणखी मोठा झाला. शाळेत देणगीदाखल आलेले आठ जुने संगणक होते. कचेरीतला तो एक सोडला तर बाकी सर्व विंडोज १० वर चालणारे. या प्रणालीचा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पैसे भरून वा काही अटी मानून घरगुती ग्राहकांस आणखी वर्षभराची मुदत होती, एवढेच. पुढची विंडोज ११ सामान्यतः २०१७-१८ च्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिपही मागते. दुकानदाराने हिशेब मांडला : आठही काढा, आठ नवे घ्या. वर्गणीतील उरलेल्या पैशांत दोनही आले नसते.

शाळा सुधारणा समितीची सभा भरली. तेथे आम्ही कपाट उघडून प्रिंटरची खोळ काढली आणि घडले ते सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक वृद्ध सदस्य म्हणाले, "गुरुजी, दात न बघता बैल घेतलासा की!" आमच्या वडिलांस ते ओळखत होते. आम्ही मान खाली घातली.

तरी सभेने मुक्त प्रणालीचाच ठराव केला. चोर्ला घाट उतरले की गोवा. तेथे २००२ च्या सुमारास परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने जुने संगणक मिळवून, त्यांवर लिनक्स घालून शाळांना देण्याचा उपक्रम झाला होता, हे समितीतील एकास ठाऊक होते. केरळचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. तेथे २००१ साली शाळांसाठी सुरू झालेला संगणक-प्रकल्प पुढे मुक्त प्रणालीवर गेला आणि आज 'काइट' ही सरकारी संस्था तो चालवते. इतरांस जमले ते आपणांस का जमू नये? अट एवढीच पडली की या खेपेस पै न् पै पाहून खर्चावी.

पारख कशी करावी?

दिवाळीस बंगळूरहून आलेला तो माजी विद्यार्थी आमचा गुरू झाला. शिष्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. फक्त तो 'सर, पुन्हा सांगतो' असे म्हणतो तेव्हा आपणच वर्गात काय काय बोलत असू, ते आठवते. त्याने शिकवले ते असे.

पहिली गोष्ट, खोक्यावरचे नाव पाहू नये. आतली चिप पाहावी. एकाच नावाच्या वस्तूत कारखानदार आज एक चिप घालतो, सहा महिन्यांनी दुसरी. वेष्टन तेच राहते. परंतु प्रत्येक चिपला दोन सांकेतिक क्रमांक असतात, एक कारखानदाराचा आणि दुसरा त्या वस्तूचा. जणू आडनाव आणि नाव. लिनक्सवर 'एलएसपीसीआय' आणि 'एलएसयूएसबी' या दोन आज्ञा दिल्या की जोडलेल्या साऱ्या वस्तूंची ही नावनिशी पडद्यावर येते. त्या क्रमांकांवरून ती चिप लिनक्सशी कशी वागते, याचा शोध घेता येतो. स्थळ पाहताना आपण कूळ विचारतोच ना? तसेच हे.

दुसरी गोष्ट, दुभाषा गाभ्यातच असावा. ज्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्यात सामील झालेला आहे, ती लावताच चालते आणि प्रणाली नवी झाली तरी चालत राहते. कारखानदाराने तबकडीवर वेगळा दिलेला ड्रायव्हर पुष्कळदा गाभ्याच्या एका आवृत्तीपुरता असतो. प्रणाली सुधारली की तो बंद पडतो. म्हणून खोक्यावर नुसते 'लिनक्सवर चालते' असे छापलेले असले तरी पुढचा प्रश्न विचारावा : कशाच्या आधारे?

तिसरी गोष्ट, अगदी नवे कोरे घेऊ नये. बाजारात काल आलेल्या चिपचा ड्रायव्हर स्थिर प्रणालीत येण्यास अवधी लागतो. वर्ष-दोन वर्षे बाजारात मुरलेली वस्तू अधिक सुखाची. या सौद्यात जुने ते सोने, हे बरेचसे खरे आहे.

चौथी गोष्ट, फार जुनेही चालत नाही. संगणक ६४ बिटांचा हवा. उबुंटूने ३२ बिटांच्या संगणकांवर चढवण्याची सोय २०१७ मध्येच थांबवली आणि २०२५ च्या ऑगस्टात आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनेही ती बंद केली. स्मृती म्हणजे रॅम ४ जीबी तरी असावी. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली तर मरगळलेला संगणक तरतरीत होतो. जुन्या यंत्रावर एकच खर्च करावयाचा असेल तर तो हा.

आता एकेक अवयव घेऊ. चित्रचिप इंटेलची वा एएमडीची असली तर सहसा काहीच करावे लागत नाही. लॅपटॉपातील वायफाय इंटेलचे किंवा अॅथेरॉसचे असले तर बहुधा चिंता नको. बाहेरून लावावयाचे छोटे वायफाय घेताना मात्र क्रमांक पाहिल्याशिवाय पाकीट सोडू नये. तारेने जोडलेले इंटरनेट क्वचितच दगा देते. म्हणून शाळेसारख्या ठिकाणी तारच ओढावी. बोटाचा ठसा घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीच्या किल्ल्या यांत चालणाऱ्या थोड्या, न चालणाऱ्या पुष्कळ. ज्यांची कचेरीची कामे त्यांवर अडतात, त्यांनी एक संगणक जुन्या प्रणालीवर ठेवावा हे बरे.

आणि प्रिंटर! स्वस्त प्रिंटरांपैकी कित्येकांना स्वतःची बुद्धी नसते. पानाची सारी मांडणी संगणकाने करून द्यावी, त्यांनी फक्त शाई लावावी. त्यामुळे संगणकातला तो खास दुभाषा नसला की ते ठार मुके. आमचा तसाच होता. याउलट ज्या प्रिंटरांवर 'एअरप्रिंट' असे लिहिलेले असते, ते वेगळ्या ड्रायव्हरवाचून सर्वमान्य पद्धतीने कामे घेतात आणि लिनक्सवरही सहसा चालतात. एचपी कंपनी आपल्या बहुतेक प्रिंटरांसाठी मुक्त ड्रायव्हर पुरवते. मात्र काही नमुन्यांस वर आणखी एक बंद पुरवणी लागते, म्हणून तेथेही नमुना पाहूनच घ्यावे.

जुवाला लावून पाहणे

इतके सारे लक्षात राहिले नाही तरी हरकत नाही. एक युक्ती राहिली म्हणजे पुरे. उबुंटू किंवा मिंट ही प्रणाली ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेता येते. पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, एवढे ध्यानात ठेवावे. तो लावून संगणक चालू केला आणि आरंभी पेनड्राइव्हची निवड केली की प्रणाली त्यावरूनच चालते. 'प्रतिष्ठापित करा' असे आपण सांगत नाही तोवर संगणकातल्या डिस्कला ती हातही लावत नाही. म्हणजे बैल विकत न घेता दहा पावले चालवून पाहणे झाले!

तो पेनड्राइव्ह खिशात घालून आम्ही बेळगावास गेलो. दुकानदार प्रथम त्रासला. "सर, घ्यायचंय की नुसतं तपासायचंय?" आम्ही म्हणालो, "तपासलं तरच घ्यायचंय." पाव तासात आम्ही पाहिले ते हे : वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, उजेड कमी-जास्त होतो का, पडदा मिटून उघडल्यावर संगणक जागा होतो का, प्रोजेक्टरवर चित्र उमटते का. मग शाळेचा एक संगणक बरोबर नेला होता, तो प्रिंटरास जोडला. पहिल्या प्रिंटरने मौन धरले. दुसऱ्याने कागद ओढला आणि त्यावर स्वच्छ मराठीत 'बेळगुंदी' असे छापून दिले. दुकानदाराने तो कागद हातात घेऊन पाहिला आणि तो पेनड्राइव्ह कसा करतात, हे विचारून घेतले.

'बेळगुंदी' हा शब्द आम्ही मुद्दाम निवडला होता. शाळेत शिकवणे मराठीतून, तर कचेरीचा पत्रव्यवहार कन्नडमधून. आम्हांस दोन्ही लिपी लागतात. भारतीय लिपींसाठी १९९१ च्या मानकात जो इनस्क्रिप्ट कळफलक दिला आहे, त्यात सर्व लिपींची अक्षरे एकाच जागी आहेत. ज्या कळीवर मराठी 'क' त्याच कळीवर कन्नड 'क'. मराठी-कन्नड दोघींचा लाडका 'ळ' दोन्हींकडे एकाच ठिकाणी. लिनक्समध्ये हा कळफलक मुळातच असतो, त्यासाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही. आमच्या मुलांनी मराठी टंकन शिकताना कन्नडचीही बोटे शिकून घेतली. सीमेवरच्या मुलांस याहून उपयोगी शिदोरी कोणती? पडद्यावरची पाटीही बऱ्याच अंशी मराठीत करता येते. 'फाइल' न म्हणता 'धारिका' का म्हणतात, असा प्रश्न मुलांनी केला, तेव्हा आमची एम. ए. ची पदवी प्रथमच संगणक-खोलीत कामास आली.

हिशेब

आठांपैकी सहा संगणक उभे राहिले. पाच सरळ, एकास क्रमांक पाहून घेतलेले छोटे वायफाय लावावे लागले. दोन संगणक ३२ बिटांचे निघाले. त्यांचे सुटे भाग मुलांस 'संगणकाच्या पोटात काय असते' हे दाखवण्यास ठेवले आहेत. पैसे एसएसडी, वायफाय आणि नवा प्रिंटर एवढ्यांवरच गेले. जुना प्रिंटर समितीच्या ठरावाने गावातील एका छपाईच्या दुकानास ५,००० रुपयांस दिला. तेथे तो दिवसभर छापत असतो. दोष यंत्राचा नव्हता, पाहणाऱ्याचा होता.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या घरीही माळ्यावर असा एखादा संगणक असेल. नातवाने नवा घेतला म्हणून आजोबांचा अडगळीत गेलेला. तो भंगारात घालण्याआधी पेनड्राइव्ह लावून एकदा चालवून पाहावा. चालला तर घरात आणखी एक लिहिता हात होईल. न चालला तर पाव तास गेला.

नव्या प्रिंटरवर पहिला कागद छापला, तो वर्गणीच्या हिशेबाचा. त्यात एक ओळ अशी आहे : 'जून २०२४, प्रिंटर, रु. ११,०००. न पाहता घेतला. विकून आले रु. ५,०००. उरलेले रु. ६,००० मुख्याध्यापकांनी भरले.' खाली आमची सही. तो कागद शाळेच्या फलकावर लावला आहे आणि त्याची एक प्रत आम्ही त्या गवंड्याच्या घरी स्वतः नेऊन दिली. बसथांब्यावरचे ते उत्तर खोटे होते, हेही सांगितले.

त्याने कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. रागावला नाही, हसलाही नाही. घडी घालून खिशात ठेवत एवढेच म्हणाला, "आता बघून घेतलासा न्हवं, गुरुजी?"

आम्ही म्हणालो, "बघून घेतला." आणि या वेळी ते खरे होते.